प्रशस्ति आणि नामावळी : सैनिक-संघांच्या निशाणांची चिकित्सा

विराटपर्वांत गोग्रहणाच्या प्रसंगीं अर्जुन उत्तराला कौरववीरांची ओळख करून देतो, ती त्यांच्या मुखांवरून नव्हे, ध्वजांवरून. कमंडलूचें चिन्ह तो द्रोण, नागाचें तो दुर्योधन, हत्ती बांधण्याच्या दोराचें तो कर्ण. ध्वज हा वाचावयाचा लेख आहे ही कल्पना आमच्याकडे इतकी जुनी आहे. त्यांतहि कर्णाचें चिन्ह विचार करण्याजोगें आहे. ज्याच्या जन्माविषयीं भर रंगभूमीवर प्रश्न विचारला गेला, त्याच्या ध्वजावर सूर्य नाहीं, कुलाचें कोणतेंहि चिन्ह नाहीं. आहे ती नागकक्षा, म्हणजे एक राबता दोर. ज्यांना स्वपक्षाच्या लोकांनीं पुरतें आपलें मानलें नाहीं त्यांच्या निशाणांची वाचना इतर निशाणांहून निराळ्या रीतीनें करावी लागते, हें आमच्या ध्यानांत प्रथम या दोरामुळें आलें.

प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. मराठी प्रदेशांतील महार सैनिकांचें चिन्ह आणि अमेरिकेंतील जपानी वंशाच्या सैनिकांचें चिन्ह, अशीं दोन चिन्हें शेजारीं ठेवून त्यांचे पाठभेद पाहावे व त्यांवरून कांहीं नियम निघतो काय हें तपासावें, इतकाच उद्देश. जोडी विजोड वाटेल. परंतु एकाच ग्रंथाच्या दोन दूरच्या प्रती जुळवून पाहिल्या म्हणजे जवळच्या दहा प्रतींनीं न उलगडलेलें स्थळ उलगडतें, हा अनुभव पोथ्या चाळणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

(१)

आरंभीं आमचाच एक प्रमाद नमूद करणें प्राप्त आहे. पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही यवतमाळ जिल्ह्यांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों आणि सुटीच्या दिवशीं महानुभाव पोथ्यांच्या मागें हिंडत होतों. आमच्या या जिल्ह्यास तें वेड जुनें आहे. यवतमाळच्या शारदाश्रमानें आणि डॉ. य. खु. देशपांडे यांनीं महानुभाव वाङ्मयाच्या शोधाची जी वाट घालून दिली, तिच्यावरून चालणाऱ्यांपैकीं आम्हीहि एक. आमच्या नादाची वार्ता वर्गांत होतीच. एके दिवशीं वणीकडील एका खेड्यांतला विद्यार्थी रुमालांत बांधून पितळेचा एक बिल्ला व पेन्शनीचा एक जीर्ण कागद घेऊन आला. “सर, हा माह्या आज्याचा बिल्ला होय. कामठीच्या पलटणींत होता तो. ह्याच्यावर मिनार हाय, तो कायचा?” असें त्यानें विचारलें.

आम्हीं बिल्ला उलटून पाहिला. वर एक उंच स्तंभ, खालीं इंग्रजी अक्षरांत ‘महार’ एवढा एकच शब्द. आम्हीं उत्तर दिलें, “हें अलीकडचें आहे बाळ, ह्यांत ऐतिहासिक असें कांहीं नाहीं. घरीं जुनी पोथी असेल तर आण.” त्यानें बिल्ला पुन्हां रुमालांत बांधला. पुढें पुष्कळ वर्षांनीं आम्हांस त्याचें मोल कळलें आणि आम्हीं चौकशी केली, तेव्हां म्हातारा वारला होता, घर बदललें होतें आणि पितळ भंगारवाल्याच्या तराजूंत गेलें होतें. कागदाचा पत्ताच नव्हता. एका शब्दाच्या त्या लेखाची एक प्रत आमच्या हातांतून, आमच्याच तोंडच्या वाक्यानें नष्ट झाली. या लेखांत इतरांवर जी टीका येईल तिचा पहिला वाटेकरी लेखकच आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

(२)

आतां त्या ‘मिनारा’कडे वळूं. तो भीमेच्या कांठचा कोरेगांवचा स्तंभ होय. १ जानेवारी १८१८ रोजीं कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील कंपनीची लहानशी फौज व दुसऱ्या बाजीरावाची फौज यांची तेथें दिवसभर झुंज झाली. स्टाँटनपाशीं एकंदर ८३४ माणसें होतीं : मुंबईकडील पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारें ५०० शिपाई, कांहीं शें स्वार व दोन तोफांवरील गोलंदाज. पेशव्यांची फौज २८,००० मोजली जाते. परंतु गांवांत शिरून लढलेली माणसें त्यांतलीं सुमारें दोन हजार, आणि त्या हल्ल्यांत अरबांचा भरणा मोठा होता. कंपनीकडील मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून २७५ भरतात. जनरल स्मिथची फौज येत आहे असें वर्तमान आल्यावर पेशव्यांचें सैन्य निघून गेलें.

या आंकड्यांचा दोहों बाजूंनीं विपर्यास होतो. पांचशें महारांनीं अठ्ठावीस हजारांचा संहार केला असें एक पक्ष म्हणतो. कोरेगांवीं विशेष कांहीं घडलेंच नाहीं असें दुसरा म्हणतो. पहिल्या पक्षानें हें पाहावें कीं ते पांचशें शिपाई सर्व महार नव्हते आणि २८,००० हल्ल्यांत उतरले नव्हते. दुसऱ्यानें हें पाहावें कीं अन्नपाण्यावांचून दिवसभर झुंजून तिसऱ्या हिश्शाचें नुकसान सोसलेली तुकडी हटली नाहीं, ही गोष्ट कोणत्याहि लष्कराच्या इतिहासांत नोंदली जाईल. अतिशयोक्ति व उपेक्षा हीं दोन्हीं साधनांकडे न पाहण्याचींच फळें आहेत.

स्तंभाचें काम १८२१ मध्यें सुरू झालें. त्यावर इंग्रजी व मराठी लेख आहेत. त्या लेखांचे दोन थर आहेत आणि आमच्या सर्व विवेचनाचा आधार हा भेद आहे. पहिला थर प्रशस्तीचा : कंपनीच्या फौजेचा पराक्रम, तिच्या जयाचा गौरव. दुसरा थर नामावळीचा : पडलेल्या सैनिकांचीं ४९ नांवें. त्यांपैकीं २२ नांवें ‘नाक’ या प्रत्ययानें संपतात. हा प्रत्यय महार पुरुषांच्या नांवांचा होय. उरलेलीं नांवें इतर जातिधर्मांच्या शिपायांचीं आहेत. एकाच दगडावर धन्याची स्तुति वेगळी आणि चाकरांचीं नांवें वेगळीं, अशी ही रचना आहे.

ताम्रपट वाचणाऱ्यांस हें नवीन नाहीं. राजाची वंशावळ, बिरुदें व दिग्विजय वरच्या ओळींत. दान घेणाऱ्यांचीं गोत्रें व नांवें खालच्या ओळींत. आमची संशोधकांची खोड अशी कीं वरच्या ओळींवर पन्नास पृष्ठें लिहावीं आणि खालच्या नामावळीस एक टीप द्यावी. वस्तुतः प्रशस्ति ही सांचेबंद असते. एका राजाची दुसऱ्यास लावली तरी चालते. नामावळी मात्र दुसऱ्या कोणास लावतां येत नाहीं. म्हणून प्रमाण या दृष्टीनें तिचें वजन अधिक आहे.

डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजीं या स्तंभापाशीं गेले, ते कंपनीच्या प्रशस्तीसाठीं गेले असें मानणें म्हणजे लेखाचा थर ओळखण्यांत चूक करणें होय. तेथें पुढें जे लोक दरवर्षीं जमूं लागले ते नामावळी वाचावयास जमतात. एक जण वरची ओळ वाचतो, दुसरा खालची वाचतो, आणि दोघेहि स्तंभ एकच म्हणून भांडतात. १ जानेवारी २०१८ रोजीं, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशीं, त्या परिसरांत हिंसा होऊन एका माणसाचा जीवहि गेला. लेखाच्या वाचनाचा प्रश्न केवळ पंडितांचा नसतो, हें त्या दिवशीं दिसलें.

(३)

दगडावरून आतां कापडाकडे येऊं. लढाईबद्दल त्या पलटणीस ‘कोरेगांव’ हा युद्धसन्मान मिळाला व तिला ग्रेनेडियर हें पद देण्यांत आलें. युद्धसन्मान म्हणजे पलटणीच्या निशाणावर लढाईचें नांव भरण्याचा अधिकार. ती पलटण पुढें १०२ वी ग्रेनेडियर्स व १९२२ नंतर चौथ्या बाँबे ग्रेनेडियर्सची दुसरी पलटण झाली. नांव निशाणावरून निशाणावर उतरत गेलें, जशी पोथी प्रतीवरून प्रतींत उतरते.

पण माणसें उतरलीं नाहींत. १८९२-९३ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’ व ‘बिनलढाऊ जाती’ असा भेद करून महारांची भरती बंद झाली. निशाणावर ‘कोरेगांव’ हा शब्द राहिला, आणि त्या शब्दासाठीं ज्यांचीं बावीस नांवें दगडावर आहेत त्यांच्या नातवांस त्या निशाणाखालीं उभें राहण्यास मज्जाव झाला. प्रशस्ति राखून नामावळी खोडणें याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

याविरुद्ध पहिला लेखी आवाज निवृत्त सैनिकांनींच काढला. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणींतून १८८६ मध्यें निवृत्त झालेले. दापोलीच्या बाजूस पेन्शनर मंडळींनीं चालविलेल्या अनार्य दोषपरिहारक मंडळीचे ते प्रमुख. १८९४ मध्यें त्यांनीं सैन्यांत पुन्हां प्रवेश मिळावा म्हणून विनंतिपत्र तयार केलें. पुढें शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० मध्यें भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. या अर्जांना आम्ही निशाणाचेच लेख समजतों. ज्यांच्याजवळ कापड नव्हतें त्यांनीं कागदावर आपलें निशाण लिहिलें. त्यांत मागील पिढ्यांच्या चाकरीचा दाखला हेंच चिन्ह होतें.

पहिल्या महायुद्धांत गरज पडली तेव्हां १९१७ मध्यें १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलें, गरज संपली आणि १९२१ मध्यें ती मोडली. १९४१ च्या जुलैंत डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले व त्यांनीं महार पलटणीचा आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांवीं महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी आमच्या वऱ्हाड-नागपुराजवळ, कामठीस. ही दुसरी पलटण ब्रह्मदेशाच्या मोहिमेंत जपान्यांविरुद्ध उतरली. आमच्या विद्यार्थ्याचा आजा हिच्यांतला असावा.

या रेजिमेंटचें पहिलें चिन्ह म्हणजे तोच बिल्ला : कोरेगांवचा स्तंभ व खालीं ‘महार’. १९४६ मध्यें रेजिमेंट मशीनगनची झाली तेव्हां दुसरा पाठ तयार झाला : एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स तोफा, त्यांबरोबर स्तंभ व खालीं नांवाची पट्टी. तिसरा पाठ आजचा : तोफा कायम, स्तंभाच्या जागीं खंजीर. स्तंभ स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंतच चिन्हावर टिकला.

ब्रीदवाक्य ‘यश सिद्धि’ असें आहे. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेलेल्या माणसाचा हात येथें लेखणीकडे जातोच. यशस् हा शब्द सकारान्त. समास केला तर ‘यशःसिद्धि’ किंवा ‘यशस्सिद्धि’ व्हावा. परंतु मराठींत ‘यश’ अकारान्त होऊन शतकें लोटलीं, आणि येथें दोन शब्द सुटे लिहिले आहेत. तेव्हां हें मराठी मुखांतलें ब्रीद आहे, त्याला पाणिनीच्या कचेरींत खेंचण्याचें कारण नाहीं. अधिक महत्त्वाची गोष्ट रणघोषाची. कित्येक पलटणींचे घोष देवतेच्या किंवा पूर्वजाच्या नांवाचे आहेत. महार रेजिमेंटचा घोष ‘बोलो हिंदुस्थान की जय’ असा आहे. ज्यांना गांवकुसाच्या आंत जागा नव्हती त्यांनीं घोषासाठीं सर्वांत मोठें गांव निवडलें. चिन्हशास्त्राच्या दृष्टीनें आम्ही याला रेजिमेंटचा उत्तम पाठ समजतों.

(४)

आतां दुसरी प्रत. जपाननें डिसेंबर १९४१ मध्यें पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर अमेरिकेंत तेथेंच जन्मलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांवर संशय आला. १९ फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय हुकुमान्वयें पश्चिम किनाऱ्यावरील सुमारें १,२०,००० माणसें घरेंदारें सोडून कुंपणांच्या छावण्यांत गेलीं. त्यांतील सुमारें दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. अशा स्थितींत त्यांच्याच तरुणांच्या दोन तुकड्या युद्धावर गेल्या. पहिली १०० वी पायदळ पलटण, हवाई बेटांतील जपानी वंशाच्या सैनिकांची, १९४२ च्या जूनमध्यें उभी राहिलेली. दुसरी ४४२ वी रेजिमेंट, जिची घोषणा १९४३ च्या फेब्रुवारींत झाली. यांचे कित्येक सैनिक कुंपणाआडच्या आईबापांचा निरोप घेऊन निघाले.

१०० व्या पलटणीच्या निशाणाची हकीगत पाठचिकित्सकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. ब्रीदवाक्य ‘प्रसन्नचित्त असा’ अशा अर्थाचें असावें असें लष्करी खात्याकडून सुचलें. सैनिकांनीं तें नाकारलें व ‘पर्ल हार्बरचें स्मरण ठेवा’ हें मागून घेतलें. १९४३ च्या जुलैंत निशाण आलें तें याच ब्रीदाचें. ज्या घटनेवरून त्यांच्यावर संशय आला, तीच घटना त्यांनीं आपल्या निशाणावर लिहिली. म्हणजे हल्ला आपल्या देशावर झाला आणि आपण हल्ला झालेल्यांपैकीं आहोंत, हें त्यांनीं तीन शब्दांत सांगितलें. ढालीवर हवाईच्या सरदारांचें पिसांचें शिरस्त्राण व तेथील लोक अरिष्टनिवारक मानतात तें अळूच्या जातीचें पान आहे. जपानचें कांहीं नाहीं, पण बेटाचें आहे. कर्णाच्या ध्वजासारखेंच जन्मापेक्षां भूमीशीं व कामाशीं जडलेलें.

४४२ व्या रेजिमेंटच्या बाहूवरील चिन्हाचाहि पहिला मसुदा दुसऱ्यांनीं केलेला : पिवळा हात व त्यांत तांबडी तलवार. तो हात पिवळा कां, हें सैनिकांस विचारावें लागलें नाहीं. त्यांनीं तो मसुदा परतविला. त्यांच्यांतील मिचेल मियामोटो यानें नवा केला : निळ्या भूमीवर पांढरा हात, त्यांत स्वातंत्र्याची मशाल. येथें लेखनिकानें घातलेला प्रक्षेप मूळ कर्त्यानें स्वतः खोडून आपला पाठ घातला आहे. इतकी स्वच्छ दुरुस्ती पोथ्यांत क्वचित् मिळते.

या सैनिकांचा आमच्याशीं संबंध अगदीं तुटक नाहीं. ४४२ वी रेजिमेंट इटलींत उतरली ती १९४४ च्या उन्हाळ्यांत. १० जुलै १९४४ रोजीं त्याच इटलींत, टायबरच्या खोऱ्यांत, पांचव्या मराठा पायदळाचा नायक यशवंत घाडगे पडला व त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४५ च्या एप्रिलांत ती रेजिमेंट जर्मनांची शेवटची फळी फोडीत होती, तेव्हां ९ एप्रिल रोजीं सेनिओ नदीवर नामदेव जाधव यानें तोच मान मिळविला. आमच्या वाचकांस विशेष जवळची गोष्ट अशी कीं जपानी वंशाचे कित्येक अमेरिकन सैनिक दुभाषे होते. ते ब्रह्मदेशांत व दिल्लीच्या भाषांतर-केंद्रांत हस्तगत झालेले जपानी कागद वाचीत. राजवाड्यांनीं महानुभावांच्या सकळ लिपीची किल्ली शोधण्यास जसे डोळे लावले, तसे डोळे लावून कागद वाचणारे हे शिपाई होते. फरक इतकाच कीं त्यांच्या वाचनावर दुसऱ्या दिवशींचे जीव अवलंबून असत.

आणि नामावळी? ती तेथेंहि खोडली गेली. ऑरेगन संस्थानांतील हूड रिव्हर या गांवीं युद्धावर गेलेल्या गांवकऱ्यांचीं नांवें एका सार्वजनिक फलकावर लिहिलीं होतीं. १९४४ च्या नोव्हेंबरांत तेथील माजी सैनिकांच्या शाखेनें त्यांतलीं जपानी वंशाचीं १६ नांवें पुसलीं. नांवें पुसलीं गेलीं तेव्हां तीं धारण करणारे लढत होते. देशभर निषेध झाला व १९४५ मध्यें नांवें परत लिहिलीं गेलीं. १५ जुलै १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं वॉशिंग्टनांत या रेजिमेंटच्या निशाणास सन्मानाची फीत स्वहस्तें बांधली. सैनिकांस मिळावयाचीं सर्वोच्च पदकें मात्र बहुतेक २००० सालीं दिलीं गेलीं, आणि प्रतिनिधिसभागृहांचें सुवर्णपदक २०१० च्या कायद्यानें. मूळ ग्रंथानंतर साठ वर्षांनीं छापलेलें हें शुद्धिपत्र होय. तें वाचावयास निम्मे लेखक उरले नव्हते. तरी छापलें गेलें, हें ग्रंथाच्या बाजूनें नोंदलें पाहिजे.

परतलेल्या सैनिकांनीं होनोलुलूस ‘क्लब १००’, सिअॅटलला १९४६ मध्यें निसेई माजी सैनिक समिति, असे संघ स्थापिले. निसेई म्हणजे परदेशांत जन्मलेली दुसरी पिढी. तीच मशाल व तेंच शिरस्त्राण या मंडळींनीं जपलें. पलटणी मोडल्या तरी चिन्ह संघांनीं जिवंत ठेविलें.

(५)

दोन प्रती जुळविल्यावर निष्कर्ष काढावयास हरकत नाहीं. पहिला असा कीं, अशा सैनिकांच्या चिन्हाची किंमत त्याच्या डौलावरून ठरत नाहीं. तें कोणी निवडलें आणि कोणी बदललें, यावरून ठरते. मशाल ही चित्र म्हणून सामान्य आहे. शेंकडों ठिकाणीं आढळते. परंतु ती धारण करणाऱ्यानें निवडली, म्हणून ती मूळ पाठ झाली. कोरेगांवचा स्तंभ बिल्ल्यावर रेखिला तो पलटणीच्या एका अधिकाऱ्यानें. पण स्तंभापाशीं जाऊन नामावळी वाचण्याची रीत त्याआधींच महार समाजानें स्वतः सुरू केली होती. म्हणून रेखाटणारा हात कोणाचाहि असो, तो पाठ त्यांचाच मानला पाहिजे.

दुसरा निष्कर्ष खंजिरासंबंधीं. स्वतंत्र देशाच्या सैन्यानें, देशी राजांविरुद्ध मिळालेले कंपनीचे युद्धसन्मान निशाणांवर मिरवूं नयेत असें धोरण ठेविलें. खडकी, सीताबर्डी, कोरेगांव हे सर्व त्या वर्गांत येतात. त्याच विचारानें स्तंभ गेला असें समजण्यास जागा आहे. धोरण आम्हांस अयोग्य वाटत नाहीं. ज्या पांढरकवड्याच्या परिसरांत १८१८ च्या एप्रिलांत कर्नल अॅडम्सनें बाजीरावाच्या पळत्या फौजेस गांठलें, त्या जिल्ह्यांत राहून त्या पराभवाचें दुःख आम्हांस नाहीं असें कोण म्हणेल? परंतु प्रशस्ति काढतांना तिच्याबरोबर नामावळीहि निघाली, हें संपादनाच्या दृष्टीनें न्यून आहे. खंजीर सुबक आहे, रेखीव आहे. पण तो कोणत्याहि पलटणीचा असूं शकतो. स्तंभ एकाच पलटणीचा असूं शकत होता. पाठ सोडावयाचा झाल्यास संपादक तेथें कंस घालतो व तळाशीं ‘येथें इतकीं अक्षरें गळलीं’ असें लिहितो. लोप करावा, पण दाखवावा, लपवूं नये. रेजिमेंटच्या इतिहासांत, वस्तुसंग्रहांत, शाळेच्या पुस्तकांत तीनहि पाठ क्रमानें छापले जावे, एवढीच आमची मागणी आहे. असें केल्यानें रेजिमेंटच्या आजच्या कीर्तीस बाध येत नाहीं. आज तींत सर्व प्रांतांचे व जातींचे लोक आहेत. तिनें देशाला दोन सरसेनापति दिले. आणि मेजर रामस्वामी परमेश्वरन् यांचें १९८७ मधील परमवीरचक्र तिच्या नांवावर आहे. नव्या नामावळीस जुनी नामावळी जाच करीत नाहीं.

तिसरा निष्कर्ष सावधगिरीचा. १९४२ मध्यें नागपुरास स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननें निळें निशाण घेतलें. तो निळा रंग महार पलटणीच्या निशाणावरून आला असें छापील ग्रंथांतून विधान आढळतें. पलटण १९४१ ची, पक्ष १९४२ चा, तेव्हां कालक्रम अनुकूल आहे. परंतु कालक्रम म्हणजे पुरावा नव्हे. असें विधान करणाऱ्यानें त्या वेळचें कापड दाखवावें, किंवा त्या वेळचा कागद दाखवावा. विधान प्रिय आहे म्हणून चिकित्सा सैल करणें हा त्या समाजाचा सन्मान नव्हे. पूर्वीं उपेक्षा केली, आतां लाड केले, असें होईल. त्यांच्या साधनांस जरीपटक्याच्या साधनांइतकीच कठोर कसोटी लावणें हाच सन्मान.

जरीपटक्याचें नांव निघालें म्हणून शेवटचें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईस निघतांना जरीपटक्याची काठी मोडली, ही हकीगत इतिहासाच्या वाचकांत कोणास ठाऊक नाहीं? त्या एका काठीवर आमच्या वर्गानें किती शाई खर्चिली! तें योग्यच झालें. पण त्याच शतकांतील बावीस नांवांच्या मालकांचीं गांवें कोणतीं, त्यांच्या बायकांमुलांस काय मिळालें, त्यांचे पेन्शनीचे कागद कोठें आहेत, याविषयीं त्याच शाईचा थेंबहि आम्हीं सांडला नाहीं. कारण त्या कागदांवर मोडी वळण सुंदर नव्हतें आणि ते आणून देणारा पोर अनवाणी होता.

(६)

म्हणून संग्राहकांस विनंति. कामठी, नागपूर, अमरावती, यवतमाळ या भागांत १९४१ ते १९४६ च्या पलटणींतून आलेल्या सैनिकांचीं घरें अद्याप आहेत. त्या घरांत बिल्ले, पदकें, रजेचे दाखले, पेन्शनीचीं पुस्तकें, संघांच्या सभांचे फलक, एखाद्या मिरवणुकीचें विटलेलें निशाण, असें कांहीं निघेल. तें विकत घेऊं नये. मालकाच्या घरींच त्याचें छायाचित्र घ्यावें, मोजमाप लिहावें, अक्षरें जशींच्या तशीं उतरावीं, बिल्ल्यावर स्तंभ आहे कीं खंजीर याची नोंद करावी, आणि धारण करणाऱ्याचें नांव त्याच्या घरचे सांगतील तसें, त्यांच्या संमतीनें लिहावें. चिन्हाचें वर्णन अर्ध्या पृष्ठांत संपेल. नांवास मात्र संपूर्ण ओळ द्यावी.

आमच्या विद्यार्थ्याच्या आजाचें नांव आम्हीं त्या दिवशीं विचारलें नाहीं. तो प्रश्न आतां विचारावयास आम्हीं त्या खेड्यास दोनदां जाऊन आलों. कुटुंब कोणीकडे गेलें हें शेजाऱ्यांस नक्की सांगतां आलें नाहीं. पुन्हां जाणार आहों.